वस्तऱ्याला कुठला दगड?

तुळजापूरची भवानी ज्यांचे कुलदैवत आहे, त्या घरांत मूल वर्षाचे होऊ लागले की जावळाचा विषय निघतोच. मग सवड काढून सारी मंडळी बालाघाटच्या डोंगरातल्या या गावी येतात, पायऱ्या उतरून कल्लोळ तीर्थापाशी हातपाय धुतात, देवीला नमस्कार करतात आणि मुलाला मामाच्या मांडीवर बसवतात. मूल टाहो फोडते. आई पदराने डोळे टिपते, आजी खोबऱ्याचा तुकडा पुढे करते, मामा मुलाचे डोके धरायचे की हात, या विवंचनेत असतो. सगळ्यांचे लक्ष मुलाच्या रडण्याकडे असते. न्हाव्याचे लक्ष मात्र एकाच गोष्टीकडे असते, आणि ती म्हणजे धार.

असायलाच हवे. वर्षाच्या मुलाची टाळू अजून पुरती भरलेली नसते आणि मूल काही स्वस्थ बसत नाही. अशा डोक्यावरून पाते फिरवायचे, तर ते आपल्याच वजनाने सरकले पाहिजे. धार बोथट असली की हात दाबावा लागतो, आणि दाबलेला हातच जखम करतो. ज्याने आयुष्यात कधी वस्तरा हाती धरला नाही, त्याला धारदार पात्याची भीती वाटते. ज्याने धरला, त्याला भीती वाटते ती बोथट पात्याची.

ही धार येते कुठून? लोखंडातून अर्धी आणि दगडातून अर्धी. लोखंडाबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले जाते. दगड बिचारा धोकटीच्या तळाशी पडून राहतो. या लेखात बोलायचे आहे ते त्याच्याविषयी.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दगडावर घासून पुन्हा पुन्हा वापरायचा अखंड पात्याचा वस्तरा आज न्हाव्याच्या दुकानातून जवळजवळ गेला आहे. त्याच्या जागी, ज्यात अर्धे ब्लेड अडकवून एका गिऱ्हाइकानंतर फेकून देता येते, असा वस्तरा आला. हे योग्यच झाले. एकाच पात्याने दहा जणांची दाढी केली, तर नकळत लागलेल्या ओरखड्यातून कावीळ ब आणि कावीळ क यांचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. एचआयव्हीचा धोकाही नाकारता येत नाही. तेव्हा जावळाला जाल तेव्हा नवे ब्लेड आपल्या डोळ्यांदेखत वेष्टनातून काढायला सांगा. न्हावीदादांना त्याचा राग येत नाही.

मग दगडाची चौकशी कुणासाठी? ती आहे घरच्या वस्तऱ्यासाठी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून आजोबांचा वस्तरा निघतो. पाते काळवंडलेले, मूठ शिंगाची, आणि जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला एक गुळगुळीत दगड. नातवाला हौस वाटते की आपली दाढी आपण या वस्तऱ्याने करावी. हौस चांगली आहे. मात्र एक वस्तरा आणि एकच माणूस, हा नियम घरातही पाळावा. भावाभावांत वाटून घेण्याची ही वस्तू नव्हे.

सुश्रुताचा उडदी दगड

धारेच्या दगडाचा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. शस्त्राला पाणी कसे द्यावे, धार किती बारीक असावी आणि ती कशावर लावावी, हे सारे त्यात येते. धार लावण्यासाठी सुश्रुत सांगतो तो दगड गुळगुळीत, उडदाच्या रंगाचा. लावलेली धार टिकवण्यासाठी तो सावरीच्या लाकडाची फळी सांगतो. धारेची मापेही त्याने दिली आहेत. काही शस्त्रांची धार मसुरीच्या डाळीइतकी, काहींची अर्ध्या मसुरीइतकी, काहींची केसाइतकी, आणि कापण्याच्या शस्त्रांची अर्ध्या केसाइतकी. शस्त्र नीट लागले आहे की नाही याची त्याची कसोटी म्हणजे त्याने अंगावरचा केस तुटला पाहिजे.

न्हाव्याच्या कामाशी हे किती जुळते पाहा. आधी दगड, मग पट्टा, आणि शेवटी मनगटावरच्या लवेची परीक्षा. सुश्रुताची लाकडी फळी म्हणजे न्हाव्याच्या चामड्याच्या पट्ट्याची थोरली बहीणच म्हणायची. शल्यविद्येचा वैद्य आणि गावचा न्हावी हे धारेच्या बाबतीत एकाच शाळेचे विद्यार्थी होते. वारकरी परंपरेत संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाचीच हत्यारे घेऊन परमार्थ सांगितला, तेही उगीच नव्हे. रोज ज्याची निगा राखावी लागते, त्याच्यातच माणसाला उपमा सापडतात.

तुळजापूरचा दगड का चालत नाही?

तुळजापुरात दगडाला काय तोटा? सारा बालाघाट दगडाचा. जवळचा नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला तो प्रसिद्ध पाणीमहाल काळ्या दगडाचाच. मग एखादा गुळगुळीत तुकडा उचलून त्यावर वस्तरा घासला तर काय बिघडले?

बिघडते ते असे. आपला हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर आले आणि थंड होऊन दख्खनचे पठार बनले. या खडकात दोन-तीन जातींच्या खनिजांचे कण असतात. कुणी लहान, कुणी मोठे, कुणी लवकर झिजणारे, कुणी चिवट. शिवाय वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली छिद्रे असतात, आणि त्यांत पुढे गारेसारखी खनिजे भरलेली असतात. जात्याला, पाट्या-वरवंट्याला हा दगड उत्तम, कारण तिथे खडबडीतपणाच हवा. वस्तऱ्याला मात्र एक मोठा कण पुरे. पाते त्यावरून गेले की धारेला खाच पडली. दहा मिनिटांची मेहनत एका कणाने मातीमोल होते.

वस्तऱ्याच्या दगडाला तीन गुण लागतात. त्यातले कण पोलादाला ओरखडण्याइतके कठीण हवेत. ते अतिशय बारीक हवेत. आणि तिसरी, सर्वांत दुर्मिळ गोष्ट म्हणजे ते सगळे सारखे हवेत. दगड हाताला गुळगुळीत लागला म्हणून भागत नाही. घासून घासून कुठलाही दगड गुळगुळीत होतो. एकसारखेपणा त्याच्या पोटात असावा लागतो, आणि तो येतो लाखो वर्षे शांत पाण्याच्या तळाशी साचलेल्या बारीक गाळातून. लाव्हारसाच्या धसमुसळेपणातून तो येत नाही.

म्हणूनच जगातले नावाजलेले वस्तऱ्याचे दगड मोजक्याच ठिकाणी निघाले. बेल्जियममधल्या आर्देन्न डोंगरात, व्हिएल्साल्म गावाच्या परिसरात, पिवळसर रंगाचा कोटिक्युल दगड मिळतो. त्याच्यात गोमेदाच्या जातीच्या गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात. त्याचे थर इतके पातळ की बहुधा पाटीच्या दगडाचा आधार देऊनच तो विकतात. जर्मनीत थुरिंजियातल्या झोनेबर्ग गावचे दगड एशर या नावाने जगभर गेले. त्या खाणी केव्हाच थांबल्या, त्यामुळे आता जुनेच दगड हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव ऐकून छाती दडपते. अमेरिकेत अर्कान्सास संस्थानातला नोव्हॅक्युलाइट हा गारेच्या कुळातला पांढरा-काळा दगड आहे. लॅटिन भाषेत वस्तऱ्याला नोव्हाक्युला म्हणतात, त्यावरूनच खडकाला हे नाव पडले. जपानात क्योटो शहराजवळच्या डोंगरांतले दगड तलवारी आणि वस्तरे या दोहोंसाठी प्रसिद्ध आहेत.

कुरुंदापासून कार्बोरंडमपर्यंत

आपल्याकडे निसर्गाने बारीक दगडाची कसर दुसऱ्या रीतीने भरून काढली. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा कुरुंद आपल्या दक्षिणेत मिळतो. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द तमिळमधल्या कुरुंदावरूनच गेला. शिकलगार लोक कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिचे चाक बनवत आणि त्यावर तलवारी, जंबिये, सुऱ्या लावत. माणसाने कण आणि बांधणी वेगवेगळी घेऊन स्वतः दगड घडवला, तो असा.

याच वाटेने पुढे आजचे कारखानी दगड आले. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन नावाचा गृहस्थ विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता. हिरे काही झाले नाहीत, पण चिकणमाती आणि कोळशाची पूड तापवताना चकाकणारे कठीण स्फटिक मिळाले. हे कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे, असे समजून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग निघाले, पण चुकलेले नाव टिकले. आपल्या देशातही हा धंदा रुजला. मुंबईजवळ उरणच्या मोरा बंदराशी 1941 साली ग्राइंडवेलचा कारखाना सुरू झाला आणि मद्रासेत 1954 साली कार्बोरंडम युनिव्हर्सल निघाली.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा करडा-काळा कार्बोरंडमचा दगड मिळतो. विळी, कोयता, अडकित्ता यांना तो छान. वस्तऱ्याला तो शत्रू. त्याची ‘बारीक’ बाजूसुद्धा वस्तऱ्याच्या दृष्टीने खडीच आहे. तसेच सायकलवर चाक लावून दारोदार हिंडणाऱ्या धारवाल्याकडेही वस्तरा देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ पाते क्षणात तापते. पात्यावर निळी झाक दिसली की समजावे, पोलादाचे पाणी उतरले. मग त्या जागी कितीही दगड घासा, धार ठरत नाही.

दगडाआधी वस्तरा पाहा

दगड निवडायच्या आधी वस्तऱ्याची नाडी पाहावी. पाते खिडकीपाशी उजेडात धरा. धार वर करून नीट न्याहाळा. जिथे प्रकाशाची बारीक रेघ चमकते, तिथे धार मोडली आहे. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही, ती दिसतच नाही. गंज पाठीवर असेल तर काळजी नको, तो पुसता येतो. धारेपर्यंत गंजाचे खड्डे गेले असतील, किंवा पात्याला चीर असेल, तर तो वस्तरा आठवण म्हणून पेटीतच राहू द्या.

वस्तऱ्याच्या बनावटीत एक मोठी सोय आहे. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कारागिराने आधीच बांधून दिलेला असतो. पाते दगडावर आडवे ठेवले की जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. पाठ उचलायची नाही, एवढे पथ्य पाळले की कोन आपोआप सांभाळला जातो. तो साधारण पंधरा ते सतरा अंशांचा असतो. पण यातूनच दगडावर एक अट येते. दगड तंतोतंत सपाट हवा. मध्ये खोलगट झालेल्या दगडावर पाठ एकीकडे आणि धार भलतीकडेच टेकते.

आता आकड्यांचे पाहू. कारखानी दगडांवर 1000, 4000, 8000 असे आकडे असतात. आकडा मोठा तितके कण बारीक. हजाराच्या दगडातले कण सुमारे चौदा-पंधरा मायक्रॉनचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आठ हजारी दगडात कण तीन मायक्रॉनच्या किंवा त्याहून खालच्या घरात येतात. किंवा म्हणायचे कारण असे की सर्व कारखान्यांचे मोजमाप सारखे नाही. एकाचा आठ हजारी दुसऱ्याच्या आठ हजारीपेक्षा भरड निघतो. म्हणून शक्यतो एकाच कारखान्याचे दगड क्रमाने घ्यावेत.

नवशिक्याने काय घ्यावे? वस्तरा अगदी बोथट असेल, तर तीन पायऱ्या लागतात. 1000 चा दगड धारेच्या दोन्ही बाजू एका रेषेत आणून मिळवतो. खरे काम याचेच. 4000 चा दगड त्याचे ओरखडे पुसतो आणि 8000 चा दगड धारेला दाढीजोगी करतो. चार आणि आठ हजारी एकाच दगडाच्या दोन बाजूंना मिळतात, म्हणजे दोन दगडांत संसार भागतो. बारा हजारी दगड किंवा कोटिक्युल ही पुढची चैन आहे. कातडी नाजूक असेल तर तिचा उपयोग होतो, पण पहिल्याच दिवशी तिची गरज नाही. उलट वस्तरा चांगला लागलेलाच असेल आणि नुसता थोडा मंदावला असेल, तर हजाराच्या दगडाला हातही लावू नका. केवळ शेवटच्या बारीक दगडावर आठ-दहा हात पुरेत. भरड दगडाने दर खेपेस पोलाद खर्ची पडते, आणि आजोबांच्या वस्तऱ्यातले पोलाद काही पुन्हा वाढत नाही.

दगड आठ इंच लांब आणि तीन इंच रुंद असावा. पाते जवळपास तीन इंचांचे असते, त्यामुळे ते सारे एका वेळी टेकते. अरुंद दगड असेल तर पाते पुढे नेता नेता तिरपे बाहेर काढावे लागते, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. दगडाला पाणी वापरायचे की तेल, हे एकदाच ठरवावे. तेल प्यालेला दगड पुन्हा पाण्याला नीट घेत नाही. घरच्या कामाला पाणी सोयीचे आणि स्वच्छ.

नवा दगडसुद्धा सपाट आहे असे धरून चालू नये. त्यावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारा. जाड काचेवर ओला पॉलिश कागद अंथरून दगड त्यावर घासा. सगळ्या रेघा एकदमच पुसल्या गेल्या तर दगड सपाट. मधल्याच राहिल्या तर पोट खोल आहे. त्या जाईपर्यंत घासत राहा.

आजोबांच्या दगडाची परीक्षा

आता पेटीतला तो चिंधीतला दगड. त्यावर वस्तरा एकदम ठेवू नका. आधी कोमट पाणी आणि साबण यांनी तो स्वच्छ धुवा. जुने तेल आणि मळ बाहेर येईल. वाळल्यावर नखाने घासून पाहा. कुठे कण टोचतो का? उन्हात धरल्यावर चमचम करणारे दाणे दिसतात का? तसे असेल तर तो भरड कारखानी दगड असण्याचा संभव आहे. काहीच दिसले नाही, तर स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीचे पाते त्यावर दहा वेळा घासा आणि भिंगाखाली पाहा. ओरखडे सगळे सारखे, धुक्यासारखे बारीक असतील, तर तुमच्या हाती चांगला दगड आला आहे. मधूनच एखादी खोल रेघ उमटली, तर त्या दगडावर विळी लावा. वस्तरा नको.

धार लावताना पाते धारेच्या दिशेने पुढे न्यायचे, पाठीवर उलटायचे आणि परत आणायचे. पट्ट्यावर नेमके उलट. तिथे पाठ पुढे आणि धार मागे. हे विसरले तर पट्टा कापला जातो. पाते दगडावर बरोबर बसते आहे की नाही, हे पाहायला धारेला काळी शाई लावा आणि एकच हात फिरवा. जिथली शाई गेली तिथे दगड पोहोचला. जिथली राहिली तिथे अजून काम बाकी आहे. बोटाने धार चाचपण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा. शेवटी मनगटावरची लव न ओढता तुटली पाहिजे. सुश्रुताची हीच कसोटी आजही पुरते.

एकदा धार लागली की रोज दगड लागत नाही. दाढीआधी पट्ट्यावर पन्नासेक हात, दाढीनंतर पाते कोरडे पुसून तेलाचे बोट, आणि काही आठवड्यांनी बारीक दगडावर थोडे हात. पूर्वी गावोगावच्या न्हाव्यांना वर्षाचे बलुते धान्याच्या राशीतून मिळे. वस्तरा खराब झाला म्हणून नवा आणणे त्यांना परवडणारे नव्हते. एक वस्तरा बापाकडून लेकाकडे जाई तो या निगेच्या जोरावर.

खंडेनवमीला अशा घरांतून वस्तरा, कात्री, चिमटा पाटावर मांडून पूजा होते. त्याच नवरात्रात तुळजापुरात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधतात. एका ठिकाणी तलवार, दुसऱ्या ठिकाणी वस्तरा. दोघांनाही धार दिली ती दगडानेच. महाग दगडाच्या मागे धावू नका. सपाट, एकसारखा आणि वस्तऱ्याच्या अवस्थेला साजेसा दगड घ्या, आणि हात हलका ठेवा. एवढे साधले तर उद्याच्या अभ्यंगस्नानाआधी आजोबांचा वस्तरा तुमच्या गालावरून असा फिरेल की शेजारच्यांनी विचारावे, कुठल्या सलूनमध्ये गेला होता?